फिरत्या पाटीवरचे सात शिक्के

१

नारासावा पुलाखालून शेवटची गाडी गेली त्याला एकतीस वर्षं झाली होती. तरीही कुझुमाकी तोकुजी, वय एकोणऐंशी, त्या पुलाखाली रुळांवर मरून पडलेले सापडले. रूळ अजून जागेवर होते, कारण ते उखडायचं काम कोणाचं, याबद्दलचा आमचा वरच्या कचेरीशी पत्रव्यवहार अजून संपलेला नाही.

गुरुवारी सकाळी ठेकेदार कागेयामा पुलाची मापं घ्यायला गेला. त्याने कठड्यावरून खाली पाहिलं आणि मापं न घेताच चौकी गाठली. आमच्या ओत्सुबे गावात चौकी म्हणजे एक घर. पुढच्या खोलीत हवालदार कुरोसे बसतात आणि मागच्या खोल्यांत त्यांचा संसार असतो. हवालदारांनी अर्ध्या तासात निष्कर्ष काढला. म्हातारा एकटा, बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, आणि ज्या पुलावर जीव तो पूल पाडायचा घाट घातलेला. म्हणजे उडीच मारली असणार. कठडा जुन्या पद्धतीचा, जेमतेम मांडीपर्यंत. अडवणारही काही नाही.

मी शिओदा, नगर कचेरीतल्या रस्ते-पूल विभागाचा उपप्रमुख. पूल धोकादायक असल्याचा अहवाल आमच्याच विभागाचा. त्यावर पाच शिक्के होते आणि त्यातला एक माझा. आमच्याकडे सहीला कोणी विचारत नाही, शिक्का हवा. आणि तो कसाही उमटवून चालत नाही. हाताखालच्याने आपला शिक्का डावीकडच्या वरिष्ठाच्या शिक्क्याकडे किंचित कललेला उमटवायचा, कमरेत वाकून नमस्कार केल्यासारखा. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणून तो आजवर कोणी मोडलेला नाही.

पूल आमच्या विभागाचा, म्हणून मला चौकीवर बोलावलं होतं. तिथे तोकुजींची मुलगी मिनाए सेंदाई शहराहून येऊन बसली होती. अंगातला कोटसुद्धा तिने काढला नव्हता.

"बाबांनी उडी मारलेली नाही," ती म्हणाली.

"ताई, सगळ्यांनाच असं वाटतं," हवालदार म्हणाले.

"मला वाटत नाहीये, मी विचारतेय. बुधवारी सकाळी मी त्यांना फोन केला होता. म्हटलं, पाडू दे ना तो पूल, तुम्ही या इकडे माझ्याकडे. ते काहीच बोलले नाहीत. फोन ठेवून दिला." तिने हवालदारांकडे पाहिलं. "मी मारलं का त्यांना? मला फक्त एवढंच कळायला हवंय."

हवालदारांनी कागद सरळ केले. "शनिवारी अहवाल वर जाणार. त्यावर 'आत्महत्या' असं पडेल. रविवारी पुलाची सभा आहे, ती पण मग लवकर आटपेल."

मागच्या खोलीचं दार सरकलं. हवालदारांच्या पत्नी फुमीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"आज गुरुवार आहे," त्या म्हणाल्या. "आणि अहो, एक सांगा. बुधवारी संध्याकाळी तो माणूस फिरती पाटी पुढे पाठवतो आणि मग उडी मारतो, असंच ना?"

"म्हणजे काय. शिस्तीचा माणूस. काम उरकून गेला."

"हो," फुमीबाई म्हणाल्या. "शिस्तीचा होता, म्हणूनच तर मला झोप नाही."

२

फिरती पाटी म्हणजे वर चिमटा लावलेली लाकडी फळी. नारासावा वस्तीत सात घरं. सभा, कचऱ्याचे वार, हरवलेलं मांजर, जे काही कळवायचं असेल ते पाटीला लावतात. पाटी ठरलेल्या क्रमाने घरोघर फिरते आणि प्रत्येक जण आपल्या चौकटीत शिक्का मारून ती पुढच्या घरी देतो. पहिलं घर वस्तीप्रमुख मोगामींचं, पाचवं तोकुजींचं, सहावं साके ही तांदळाची दारू विकणाऱ्या इनेको काकूंचं आणि सातवं चौकी. पाटी एक दिवस अडली तर पुढच्या घरचा विचारत येतो. दोन दिवस अडली तर माणसाचं नाव निघतं.

त्या आठवड्यातल्या पाटीवर रविवारच्या सभेचीच सूचना होती: पूल पाडून खालचा रुळांचा चर भरून टाकायचा, हरकत असल्यास सभेत सांगावी.

फुमीबाईंनी मला बरोबर घेतलं. "तुम्ही कचेरीतले. तुम्ही सोबत असलात की लोकांना वाटतं पुलाचंच काही आहे. मी नुसतं लोणचं द्यायला आल्यासारखी दिसते."

खरोखरच त्यांच्या हातात मुळ्याच्या लोणच्याचा डबा होता.

इनेको काकू दुकानात रिकाम्या बाटल्या मोजत होत्या. पूल पडावा असं उघड म्हणणाऱ्यांत त्या पहिल्या. जड गाड्यांना पुलावर बंदी, म्हणून त्यांचा माल नऊ किलोमीटर वळसा घालून यायचा.

"मला विचारायला आलात ना, मी ढकललं का?" त्या म्हणाल्या. "मंगळवारी भांडले मी त्याच्याशी, लपवत नाही. म्हटलं, आजोबा, तुमच्या आईबापांची वरात निघाली त्या पुलावरून, माझा माल निघत नाही!"

हे मात्र खरं होतं. पूल बांधून झाला तेव्हा नव्या पुलावरून पहिलं पाऊल टाकायचा मान कुझुमाकींच्या घराला मिळाला होता. आजोबा-आजी, मुलगा-सून, नातू-नातसून अशी एकाच छपराखालची तीन जोडपी. त्यातले सर्वांत तरुण ते तोकुजींचे आईवडील. तोकुजी स्वतः पुढे त्याच मार्गावर रूळ-तपासनीस झाले. मार्ग बंद पडला तरी रोज सकाळी खाली उतरायचे. रूळ ओलांडताना थांबून आधी उजवीकडे बोट दाखवायचे, मग डावीकडे, आणि मोठ्याने म्हणायचे, "मोकळं!" एकतीस वर्षं ते मोकळंच होतं.

"पाटी कधी मिळाली तुम्हाला?" फुमीबाईंनी डबा पुढे केला.

"पाचचा भोंगा झाला तेव्हा. दुकानाची पाटी आत घ्यायला आले, तर फिरती पाटी दाराच्या कडीला लटकवलेली. दुपारपासून मी मागे होते. आजोबा नेहमी पाचलाच आणायचे, तेव्हा तेच असणार."

"लटकवलेली."

"हो ना. मला वाटलं, रुसलाय." काकूंचा आवाज अचानक उतरला. "एरवी कधी लटकवायचा नाही हो. हातात द्यायचा. मी 'मिळाली' म्हणेपर्यंत दुसरं टोक सोडायचा नाही. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हाती टोकन देतात ना, तस्सं. मी घरी नसले तर जाऊन परत यायचा. एकदा तापात होते, तर खिडकीतून माझा हात बाहेर काढायला लावला त्याने."

रस्त्यावर येताच फुमीबाई थांबल्या.

"शिओदासाहेब, अकरा वर्षं मी त्या पाटीच्या शेवटच्या घरात राहते," मग त्या म्हणाल्या. "ती पाटी तोकुजी आजोबांनी आणलीच नाही. त्यांच्या घरातून ती दुसऱ्या कोणीतरी पुढे नेली."

"कशाला?"

"तेच. मेलेल्या माणसाच्या घरी पाटी अडू नये, इतकी काळजी कोणाला असेल?"

३

कागेयामाच्या अंगणात दोन मालमोटारी उभ्या होत्या आणि तो त्यांच्यावर खेकसत होता. माणसं समोर नसली की तो यंत्रांवर खेकसतो. पूल पाडायचं काम त्यालाच मिळणार होतं. महिन्यापूर्वी त्याची भरलेली मोटार पुलावर चढू लागली तेव्हा तोकुजी लाल निशाण घेऊन समोर उभे राहिले होते. गावाने तो तमाशा पाहिला होता.

"म्हाताऱ्याला मी मारलं असतं तर त्याच दिवशी मारलं असतं," कागेयामा म्हणाला. "सगळ्यांसमोर निशाण दाखवून उलटं चालायला लावलं मला. आणि आता काय? प्रेत मला सापडलं म्हणून मी खुनी? उद्यापासून खाली बघायचंच बंद करतो."

"बुधवारी कुठे होता?" फुमीबाईंनी विचारलं.

"पाच वाजेपर्यंत शाळेच्या भिंतीवर, सहा गडी बरोबर. पाचनंतर घरी, एकटा. बायको माहेरी आहे. का, ते नका विचारू."

"नाही विचारत. लोणचं घ्या."

परतताना मी म्हणालो, "पाचनंतर एकटाच होता."

"पाचनंतरचं काय करायचंय? आजोबा पाच वाजता हिंडतेफिरते असते तर पाटी हातात पडली असती. पाचच्या आधीच ते खाली पडलेले होते. तेव्हा कागेयामा सहा गड्यांसमोर सिमेंट कालवत होता."

"मग इनेको काकू? त्यांचं दुकान पुलाच्या तोंडाशीच आहे."

"त्यांनी मारलं असतं तर त्या 'हातात दिली' म्हणाल्या असत्या. पाटी लटकवलेली होती हे त्यांनीच सांगितलं, आणि त्यानेच तर उडीचं सगळं गणित बिघडलं."

आम्ही पुलाच्या बाजूच्या पायवाटेने खाली उतरलो. मिनाए आधीच तिथे होती. गवत छातीइतकं वाढलेलं, पण कमानीच्या पायापर्यंत एक स्वच्छ वाट होती, एका माणसाच्या रुंदीची. पायाच्या दगडी भिंतीत एक भेग होती. भेगेवर काचेची लहान पट्टी दोन्ही टोकांनी चिकटवलेली आणि शेजारी खडूने तारीख लिहिलेली. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती.

"हे बाबांचं," मिनाए म्हणाली. "भेग केसभर जरी वाढली तरी काच तडकते. ते रोज बघायचे आणि वहीत लिहायचे. वही घरात नाहीये. सगळं घर पाहिलं मी."

काच शाबूत होती. स्वच्छ पुसलेली.

मी ती काच आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. आमच्या अहवालात लिहिलं होतं: "पायाजवळ प्रत्यक्ष तपासणी केली. भेग दरवर्षी दोन मिलिमीटरने वाढत आहे."

फुमीबाई काचेकडे पाहत होत्या. मग त्या माझ्याकडे पाहू लागल्या, आणि लोणच्याचा डबा त्यांनी मला दिला नाही.

४

शुक्रवारी दुपारी त्या कचेरीत आल्या. बगलेत फिरती पाटी होती आणि मोगामींकडून मागून आणलेले वर्षभराचे जुने कागद. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या. आमच्या विभागातला धाकटा हानावा लगेच चहा घेऊन आला. चौतीस वर्षांचा, अत्यंत नम्र मुलगा. फोनवर बोलतानाही तो समोरच्याला वाकून नमस्कार करतो.

"किती छान," फुमीबाई म्हणाल्या. "घरी पण एवढं करतो का रे?"

"नाही हो काकू, घरी बायको करते," हानावा लाजून म्हणाला आणि वाकून मागे गेला.

त्यांनी कागद पसरले. "हा जानेवारी, हा मार्च, हा जून. पाचवी चौकट बघा."

तोकुजींचा शिक्का. प्रत्येक कागदावर ओळंब्याने लावल्यासारखा उभा. इतरांचे कुठे तिरपे, कुठे पुसट, इनेको काकूंचा तर एकदा उलटाच. तोकुजींचा कधीच हललेला नाही.

"रूळ-तपासनीस," फुमीबाई म्हणाल्या. "वाकडं त्यांना सोसायचं नाही. आता हा बुधवारचा."

बुधवारच्या कागदावर तोच शिक्का होता, तीच अक्षरं. फक्त तो डावीकडे कलला होता, अगदी थोडासा. डावीकडे पहिल्या चौकटीत वस्तीप्रमुख मोगामींचा शिक्का होता.

"शिक्का त्यांचाच. दारातल्या जोड्यांच्या कपाटावर पडलेला असतो, पाटीशेजारी. पण मारणारा हात दुसरा. आणि मोगामींपुढे तोकुजी आजोबा जन्मात वाकले नसते. लहानपणी त्यांनी मोगामींना ओढ्यात टाकलं होतं, अजून दोघं एकमेकांना सांगतात. सांगायचे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "घाईत, घाबरून, मेलेल्या माणसाच्या नावाने शिक्का मारताना जो माणूस वरिष्ठाकडे वाकतो, त्याला वर्षानुवर्षांची सवय असली पाहिजे."

मी बुधवारचा कागद पुन्हा उचलून पाहिला. 

त्यांनी पाठीमागचा कोरा कागद काढला, त्यावर पेन्सिलीने पाच चौकटी आखल्या आणि माझ्यासमोर सरकवला.

"साहेब, जरा तुमचा शिक्का उमटवून दाखवता?"

५

मी शिक्का मारला. काळजीपूर्वक, सरळ मारायचं ठरवून. तो डावीकडे वाकला.

"बरं," फुमीबाई म्हणाल्या. "बुधवारी दुपारी कुठे होता?"

"इथेच. याच खुर्चीत. सकाळपासून सहापर्यंत. विचारा कोणालाही."

"विचारलं मघाशी. 'साहेब उठतच नाहीत' म्हणाले. मग कोण उठलं होतं?"

मला आठवेना. आणि मग आठवायची गरजच नाही हे लक्षात आलं. कचेरीची पांढरी गाडी बाहेर जाते तेव्हा नोंदवहीत वेळ लिहितात आणि त्यावर मी शिक्का मारतो. मी वही उघडली. बुधवार, दोन पंचवीसला बाहेर, तीन पन्नासला परत. काम: नारासावा पूल. नाव: हानावा योशिकी. खाली माझा शिक्का, व्यवस्थित कललेला. मी तो मारला होता आणि वाचला नव्हता.

"वही कुठे असेल?" फुमीबाईंनी हळूच विचारलं. "आजोबांची."

"जाळली असेल."

"कचेरीतला माणूस कागद जाळतो?"

मी उठलो. कोपऱ्यात आमची 'नागरिकांच्या सूचना' अशी पेटी आहे. त्यात आलेले कागद पाच वर्षं ठेवावे लागतात आणि आजवर ते कोणी उघडून पाहिलेले नाहीत. काही लपवायचं असेल तर कचेरीत याहून सुरक्षित जागा नाही. सर्वांत वर एक काळ्या पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात एक पत्र खोचलेलं: "ज्याने अहवाल लिहिला त्याने येऊन काच पाहावी. नाहीतर रविवारी सभेत मीच सगळ्यांना खाली नेऊन दाखवीन. कुझुमाकी." पत्राच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहिलं होतं, "हानावा, योग्य ती कार्यवाही करावी." अक्षर माझं होतं. शिक्काही.

हानावा आमच्या मागे उभा होता. हातात रिकाम्या कपांचा ट्रे.

"मी खाली कधी गेलोच नव्हतो, काकू," तो म्हणाला. आवाज अगदी शांत. "गवतात साप असतात. मागच्या अहवालातले आकडे घेतले आणि थोडे वाढवले. सगळे तेच करतात. बुधवारी गेलो ते पाया पडायला. म्हटलं, आजोबा, सभेत बोलू नका, मी दुरुस्त करतो, हळूहळू, कोणाला न कळता. कठड्यापाशी डोकं टेकवलं मी."

"मग?"

"ते म्हणाले, ऊठ, माझ्या पाया काय पडतोस, खाली चल आणि काच बघ. दंड धरून ओढायला लागले. फार ताकद होती हो त्यांच्यात. मी हात झटकला." त्याने ट्रेवरचे कप सरळ केले. "कठडा मांडीएवढाच आहे. तेवढं मात्र अहवालात बरोबर लिहिलं होतं मी."

"खाली उतरून पाहिलंस?"

हानावाने ट्रेकडे पाहिलं.

"वही घ्यायला घरात गेलो. कपाटावर पाटी होती. नवी, शिक्का न मारलेली. वाटलं, ही अडली तर इनेको काकू विचारत येतील. आणि... पाटी अडवून ठेवणं बरं नाही दिसत."

फुमीबाईंनी त्याच्या हातातला ट्रे काढून घेतला. "तू खाली उतरला असतास ना," त्या म्हणाल्या, "तर डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत श्वास चालू होता."

हानावा वाकला. आधी त्यांच्यापुढे, मग माझ्यापुढे, आणि मग तसाच वाकलेला राहिला.

६

शनिवारी वर गेलेल्या कागदावर 'आत्महत्या' हा शब्द नव्हता. रविवारची सभा पुढे ढकलली. मिनाएला फुमीबाईंनी स्वतः सांगितलं. मीही होतो, दाराशी.

ती रडली नाही. "फोननंतर काय केलं त्यांनी?" एवढंच तिने विचारलं.

"वहीत आहे," फुमीबाईंनी पान उघडून दिलं. बुधवारची नोंद खडूसारख्या जाड अक्षरात होती: "काच ठीक. मिनाएचा फोन. सभा झाल्यावर आठ दिवस सेंदाईला जाऊन यावं."

तेव्हा ती रडली.

दोन आठवड्यांनी कचेरीने माफीचं पत्र तयार केलं. मजकूर चांगला होता. असल्या मजकुराचा आमच्याकडे सराव आहे. खाली पाच चौकटी. सगळ्यांत उजवीकडची माझी. पत्र मीच घेऊन गेलो. मिनाए घर आवरत होती. तिने पत्र वाचलं, मग शिक्क्यांवरून बोट फिरवलं.

"यातलं खाली कोण कोण जाऊन आलं?"

"मी," मी म्हणालो. "एकदा. नंतर."

"साहेब, हे सगळे एकमेकांपुढे वाकलेत. बाबांपुढे कोणीच नाही." तिने पत्र परत दिलं. "निदान तुमचा तरी सरळ मारून आणा."

मी कचेरीत येऊन नवी प्रत काढली. वरच्या चौघांचे शिक्के आणले, आणि माझा मारला. वाकला. दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा चौघांकडे गेलो, तो शिक्काही वाकला. तिसऱ्या वेळी विभागप्रमुखांनी विचारलं, "शिओदा, तब्येत बरी आहे ना?"

मग मी नारासावाला गेलो. पायवाटेने उतरलो, रुळांशी थांबलो, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. बोट उचललं, पण 'मोकळं' म्हणवेना. काच तशीच होती, फक्त तिच्यावर धूळ बसली होती. रुमालाने पुसली आणि परत आलो.

चौथ्या प्रतीवर टेबलावरची लोखंडी पट्टी आडवी धरली, शिक्क्याची कड तिला टेकवली आणि दाबला.

सरळ उमटला. शेजारचे चार डावीकडे वाकलेले होते, ओळीने, माझ्याकडे पाठ करून.